मंद्र सूर आणि यंत्राची घरघर

गाण्याची आवड आणि हत्यारे हाताळण्याची आवड ज्या घरात एकत्र नांदतात, त्या घरात केव्हा ना केव्हा ध्वनिमुद्रिका वाजविण्याचे यंत्र घरीच जुळविण्याचा घाट घातला जातो. एखादी जुनी मोटर, ॲल्युमिनिअमची थाळी, सुताराकडून करून घेतलेली पेटी आणि कोठून तरी मिळविलेला पिकअप एवढी सामग्री जमली, की टर्नटेबल फिरू लागते. सुई टेकविताच गाणेही ऐकू येते आणि घरात आनंदीआनंद होतो. आठ दिवसांनी मात्र कान कुरकुर करू लागतो. तंबोऱ्याचा सूर डोलतो आहे, गायकाच्या आवाजाला खोली नाही, दोन स्वरांमधल्या शांततेत कोणी तरी जाते ओढीत बसले आहे, अशी शंका येऊ लागते. मग पहिला विचार सुचतो तो अधिक महागडा पिकअप किंवा अधिक मोठा ध्वनिवर्धक आणण्याचा. आज मला सांगावयाचे आहे ते इतकेच, की हा विचार बहुधा सर्वांत शेवटी करावयाचा असतो. आरंभ करावयाचा तो थाळीखालच्या खुंटापासून.

इंदूरकरांना या गोष्टीचे महत्त्व इतरांहून थोडे अधिक वाटावे, असे कारण आहे. होळकर दरबारातील सारंगीवादक शाहमीर खाँ यांचे चिरंजीव उस्ताद अमीर खाँ यांनी जी गायकी घडविली, तिला आपल्या गावाचेच नाव मिळाले. अतिविलंबित लय, झूमरा तालाचे लांबलचक आवर्तन आणि मंद्र सप्तकात सावकाश उलगडत जाणारी बढत ही तिची लक्षणे होत. खाँसाहेब १३ फेब्रुवारी १९७४ रोजी अपघातात गेले. पुढच्या पिढीला ते भेटतात ते मुख्यतः ध्वनिमुद्रणांतून; १९६० च्या सुमारास निघालेली त्यांची मारवा आणि दरबारी या रागांची दीर्घमुद्रिका त्यांत अग्रभागी आहे. लता मंगेशकरांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदुरातच झाला. शेजारच्या देवासला कुमार गंधर्व १९४८ पासून १९९२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत राहिले. इंदुराहून महूकडे जाताना लागणाऱ्या पिगडंबर गावी सुमन चौरसिया यांनी लताबाईंच्या नावाने ध्वनिमुद्रिकांचे संग्रहालयच उभे केले. अशा मुलखात जुन्या कपाटातून एखादी काळी तबकडी निघाली, तर ती कशी वाजवावी हा केवळ करमणुकीचा प्रश्न राहत नाही.

द्रुत लयीतील गत किंवा चित्रपटातील वाद्यमेळाचे गाणे यंत्राचे पुष्कळसे दोष पोटात घेते. अतिविलंबित ख्याल एकही दोष लपवीत नाही. त्यात स्वर लांबवर धरलेला असतो, म्हणून वेगातील हेलकावा कळतो. मध्ये विराम असतो, म्हणून घरघर उघडी पडते. आवाज मंद्रात उतरतो, म्हणून खालच्या स्वरांचा अभाव जाणवतो. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींचे एकमेकींशी विलक्षण नाते आहे आणि ते समजल्याशिवाय दुरुस्तीचा क्रम समजत नाही.

ध्वनिमुद्रिकेच्या खोबणीत आवाज जसाच्या तसा कोरलेला नसतो. खालच्या स्वरांची आंदोलने रुंद असतात. ती पूर्ण रुंदीने कोरली, तर खोबणी एकमेकींत घुसतील आणि तबकडीवर गाणेही थोडेच मावेल. म्हणून कोरताना खालचे स्वर दाबतात व वरचे उचलतात, आणि वाजविताना नेमके याच्या उलट करून तोल साधतात. या उलटसुलटीचे जे प्रमाण १९५४ साली अमेरिकेत ठरले आणि पुढे जगभर रूढ झाले, ते आर. आय. ए. ए. या आद्याक्षरांनी ओळखले जाते. त्या प्रमाणाप्रमाणे सेकंदाला १००० कंपनांच्या स्वराशी तुलना करता १०० कंपनांचा स्वर वाजविताना सुमारे साडेचार पट वाढवावा लागतो. पांढरी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र पंचम सेकंदाला सुमारे ९८ कंपनांचा असतो, म्हणजे बरोबर याच जागी येतो. चुंबकीय पिकअपची तार ही तोल साधणारी जोडणी मध्ये न घालता सरळ ध्वनिवर्धकाला लावली, की आवाज किरटा का होतो, याचे उत्तर येथे आहे. स्फटिकाच्या किंवा सिरॅमिकच्या पिकअपचा स्वभावच असा असतो, की त्याचा तोल बराचसा आपोआप सांभाळला जातो. त्याला पुढे दहा लाख ओहमच्या आसपास उच्च रोध मात्र द्यावा लागतो, नाही तर त्याचेही खालचे स्वर गळून जातात.

आता मोटरीकडे वळू. मिनिटाला सुमारे १५०० फेरे घेणारी मोटर सेकंदाला २५ फेरे घेते. तिच्यात किंचितही असमतोल असेल, तर ती सेकंदाला २५ धक्के देते. हे धक्के पेटीतून खुंटात, खुंटातून थाळीत आणि थाळीतून सुईपर्यंत पोहोचतात. सुईला गाणे आणि धक्का यांतील भेद कळत नाही. आणि जी जोडणी मंद्र पंचमाला साडेचार पट उचलते, तीच २५ कंपनांच्या या घरघरीला जवळजवळ नऊ पट उचलते! मंद्रासाठी दार उघडावे, तर त्याच दाराने घरघर आत येते. दार लावून घ्यावे, तर मंद्र बाहेर राहतो. विद्युत्-जोडणीने यांतून पुरती सुटका होत नाही. घरघर जन्मास येते तेथेच तिचा बंदोबस्त करावा लागतो. यास्तव आधी खुंट, मग मोटर, मग वेग, मग भुजा आणि शेवटी तारा, असा क्रम धरणे शहाणपणाचे.

हत्यार उचलण्यापूर्वी तीन परीक्षा घ्याव्यात. पहिली : सुई वर उचललेली असतानाही गुणगुण ऐकू येत असेल, तर ती तारांची होय, यंत्राच्या हालचालीशी तिचा संबंध नाही. दुसरी : दोन गाण्यांमधल्या रिकाम्या खोबणीत सुई ठेवून आवाज वाढवावा आणि मोटर बंद करावी. घरघर तत्क्षणी थांबली, तर दोष मोटरीचा. थाळी मंदावत जाईपर्यंत तीही मंदावत टिकून राहिली, तर दोष खुंटाचा. तिसरी : थाळी थांबलेली असताना सुई मुद्रिकेवर टेकवून पेटीवर बोटाच्या पेराने हलकेच ठोकावे. ढोलावर थाप पडल्यासारखा आवाज आला, तर पेटी पोकळ किंवा हलकी आहे असे समजावे.

घरी केलेल्या यंत्रात खुंटासाठी पुष्कळदा पंख्याची किंवा स्कूटरची बॉल-बेअरिंग वापरलेली असते. भार पेलण्यास ती उत्तम, परंतु तिच्यातील छर्रे गडगडत फिरतात आणि तो गडगडाट सुईला ऐकू जातो. त्याऐवजी १० मिलिमीटर जाडीचा, घासून गुळगुळीत केलेला पोलादी खुंट गनमेटलच्या बुशमध्ये बसवावा आणि त्याच्या तळाशी सायकलच्या दुकानात मिळणारा एकच पोलादी छर्रा ठेवावा. थाळीचा सगळा भार मग एका बिंदूवर पेलला जातो. खुंट आणि बुश यांमधली फट केसाहूनही बारीक असावी. येथे घरच्या कानशीवर विसंबून चालणार नाही, लेथवर काम करणारा चांगला कारागीर गाठावा. पोलोग्राउंड किंवा सांवेर रोडकडच्या औद्योगिक भागात असे हात सापडतात. तेल शिलाई यंत्राचे, दोनच थेंब. पट्टा काढून थाळी हाताने फिरवावी, स्क्रूड्रायव्हरचे टोक बुशला आणि मूठ कानाला लावावी. काहीही ऐकू येऊ नये, अशी अपेक्षा आहे.

मोटर पेटीला घट्ट स्क्रूने आवळलेली असेल, तर तिचे धक्के आपण हौसेने आमंत्रण देऊन आत घेतले असे होईल. ती मऊ रबराच्या बोंडांवर टांगावी, किंवा याहून बरे म्हणजे स्वतंत्र जड ठोकळ्यावर बसवून पेटीपासून अलगच ठेवावी. दोहोंत संबंध फक्त पट्ट्याचा राहावा. पेटीच्या पोकळ तळाऐवजी आपल्याकडे घरोघरी जमिनीला लावतात ती कोटा फरशी फार उपयोगी पडते. ४५ सेंटिमीटर लांब, ३५ रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड तुकड्याचे वजन दहा किलोच्या आसपास भरते. तिच्याखाली रबराचे पाय किंवा टेनिसच्या चेंडूच्या अर्ध्या वाट्या ठेवल्या, की टेबलाचे हादरे वर चढत नाहीत. ध्वनिक्षेपकांच्या पेट्या मात्र त्याच टेबलावर ठेवू नयेत. त्यांचा आवाज फरशीतून सुईकडे परत येतो आणि मोठ्या आवाजात यंत्र स्वतःच हुंकार देऊ लागते.

ॲल्युमिनिअमची थाळी टिचकी मारताच घंटेसारखी वाजते. तिच्यावर तीन मिलिमीटर जाडीची रबराची किंवा बुचाची चकती घातली, की हा नाद मावळतो. चकतीमुळे मुद्रिका तेवढीच वर येते, म्हणून भुजेचा खांबही तेवढाच वर घ्यावा. थाळीला जडपणा द्यावयाचा असेल, तर तो मध्यापाशी न देता काठाशी द्यावा. कुंभाराचे चाक एकदा फिरविले की कितीतरी वेळ एकसारखे फिरत राहते, याचे मर्म त्याच्या काठच्या वजनात आहे.

येथून आपण वेगाकडे येतो. दीर्घमुद्रिका मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास १.८ सेकंद. वेग सव्वा टक्क्याने बदलला, की स्वर ८१ ला ८० या प्रमाणात, म्हणजे एका प्रमाणश्रुतीने सरकतो. वेग सतत सारखाच चुकलेला असेल, तर स्वरांची आपापसांतील नाती बिघडत नाहीत, केवळ षड्ज आणि लय बदलतात. तो वरखाली होत राहिला, तर मात्र श्रुतींचा खेळ करणारे गाणे श्रुतींतच चुकू लागते. हेलकावा दर १.८ सेकंदांनी येत असेल, तर खोट थाळीत किंवा मुद्रिकेच्या भोकात आहे. भोक मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकले असेल, तर १०० मिलिमीटर त्रिज्येवर वेग अर्धा टक्का वरखाली होतो आणि आतल्या ६० मिलिमीटरवर ०.८ टक्क्यांहून अधिक. थरथर याहून जलद असेल, तर पुली तपासावी.

पुलीचे गणित करताना एक गोष्ट हटकून निसटते. समजा मोटर मिनिटाला २५० फेऱ्यांची आहे आणि पट्टा ज्या चाकावर चढतो त्याचा व्यास १५० मिलिमीटर आहे. २५० ला ३३⅓ ने भागल्यास साडेसात येतात. १५० ला साडेसातने भागून आपण पुली २० मिलिमीटरची करवितो. पण पट्टा एक मिलिमीटर जाड असेल, तर हिशेबात पट्ट्याची जाडी दोन्ही व्यासांत मिळवावयास हवी. ती विसरल्यास थाळी मिनिटाला ३४.८ च्या जवळ फेरे घेते, म्हणजे वेग चार टक्क्यांहून अधिक चढतो आणि काळी एकमध्ये गाणारा गायक जवळजवळ पांढरी दोनच्या उंबरठ्यावर जाऊन उभा राहतो. योग्य पुली १९.१ मिलिमीटरची. जुन्या टेपरेकॉर्डरच्या मिनिटाला २४०० फेरे घेणाऱ्या मोटरी स्वस्तात मिळतात, परंतु २५० मिलिमीटरच्या थाळीसाठी त्यांना अवघी तीन मिलिमीटरच्या आसपासची पुली लागते, आणि इतकी लहान पुली केसभर तिरकी बसली तरी सूर थरथरतो.

वेग मोजण्यास घड्याळापेक्षा कागदाची चकती बरी. घरची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने स्विचबोर्डावरचा लहानसा निऑन दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. चकतीवर समान अंतराने १८० काळ्या रेघा आखून ती थाळीवर ठेवावी आणि त्या दिव्याच्या उजेडात पाहावे. वेग बरोबर ३३⅓ असेल, तर रेघा स्थिर दिसतात. पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. ७८ फेऱ्यांच्या मुद्रिकांसाठी ७७ रेघा आखाव्यात. हल्लीचे पुष्कळसे एल.ई.डी. दिवे असे लुकलुकत नाहीत. त्यांच्या उजेडात ही युक्ती साधत नाही.

भुजेच्या बाबतीत घरगुती कारागिराचा कल सरळ नळी सरळच बसविण्याकडे असतो. २३० मिलिमीटरची अशी भुजा तिची सुई बरोबर मध्यखुंटावर येईल अशी बसविली, तर मुद्रिकेच्या बाहेरच्या काठावर सुई खोबणीशी सुमारे साडेअठरा अंश तिरकी राहते. तेवढ्या तिरकेपणात सुईला खोबणीचे वळण नीट वाचता येत नाही आणि तारसप्तकातील स्वर चिरकतात. उपाय असा : भुजेची कील मध्यखुंटापासून २१२ मिलिमीटरवर घ्यावी, म्हणजे सुई खुंटाच्या पलीकडे १८ मिलिमीटर जाईल, आणि पिकअप बसतो ते डोके आतल्या बाजूस २४ अंश वळवावे. मग सर्व मुद्रिकाभर तिरकेपणा दोन अंशांच्या आसपासच राहतो.

सुईचा भार हा सर्वांत नाजूक विषय. जुन्या चावीच्या ग्रामोफोनचे डोके शंभर ग्रॅमहून अधिक भार टाकीत असे. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या कठीण मुद्रिका तो सोसत. उलट पोलादी सुईच झिजे आणि प्रत्येक बाजूला ती बदलावी लागे. दीर्घमुद्रिकेचे द्रव्य मऊ आहे व खोबण बारीक. तिच्या सुईचे टोक सुमारे २५ मायक्रॉन त्रिज्येचे किंवा त्याहून लहान, तर ७८ च्या सुईचे सुमारे ७५ मायक्रॉनचे असते. एकीची सुई दुसरीवर कधीही चालवू नये. चुंबकीय पिकअपला बहुधा दीड ते अडीच ग्रॅम भार लागतो. निर्मात्याने दिलेला आकडा प्रमाण मानावा. भार मोजण्यासाठी पट्टीच्या मध्याखाली पेन्सिलीचा टेकू द्यावा. एका बाजूस टेकूपासून ४ सेंटिमीटरवर २०११ च्या मालिकेतील ३.७९ ग्रॅमचे एक रुपयाचे नाणे ठेवावे आणि दुसऱ्या बाजूस ८ सेंटिमीटरवर सुई टेकवावी. पट्टी समतोल झाली, की भार १.९ ग्रॅम. एवढाही खटाटोप नको असेल, तर सोन्याचे कण तोलणारा सराफ्यातला लहान काटा हेच काम करतो. भार कमी असणे म्हणजे सुरक्षित, हाही एक भ्रम आहे. फार हलकी सुई मोठ्या स्वरावर उडते आणि पडताना खोबणीची भिंत फोडते.

शेवटी तारा. पिकअपपासून निघणाऱ्या तारा मोटरीपासून आणि विजेच्या दोरीपासून दूर न्याव्यात, आणि भुजेचा धातू एका स्वतंत्र तारेने ध्वनिवर्धकाच्या भूजोडणीस लावावा. मोटरीच्या धातूच्या आवरणालाही अर्थिंग हवेच, आणि आत हात घालण्यापूर्वी प्लग काढलेलाच असावा. जुन्या एकमार्गी मुद्रिका दुहेरी पिकअपने वाजवीत असाल, तर डावी व उजवी बाजू एकत्र जोडावी. त्या मुद्रिकांतील गाणे सुईच्या आडव्या हालचालीतच असते. जोडणी केल्यावर उभ्या हालचालीतून येणारी घरघर व चरचर एकमेकींना पुसून टाकतात. एक पैसा न खर्चता एवढी मोठी सुधारणा दुसऱ्या कशानेही होत नाही.

विज्ञानाच्या तासाला आम्ही मुलांना एक नियम सांगतो : एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय बदलले ते लिहून ठेवा. तो येथेही लागू आहे. परीक्षेसाठी एकच मुद्रिका आणि तिच्यातील एकच जागा ठरवावी, आणि ती मुद्रिका आपल्या संग्रहातील सर्वांत मौल्यवान नसावी. सुई संशयास्पद वाटली, तर शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तिचे टोक पाहावे. गोल टोकावर सपाट पैलू दिसू लागले, की ती वाजविणारी सुई राहिली नाही, कोरणारी छिन्नी झाली.

हा इशारा देण्याचे कारण असे, की या यंत्राचा दोष ऐकण्यापुरता राहत नाही. रेडिओ बिघडला तर कार्यक्रम नीट ऐकू येत नाही, परंतु कार्यक्रमाचे काही नुकसान होत नाही. बिघडलेले टर्नटेबल मात्र गाणेच खरवडून काढते. पट्टा नवा आणता येतो, बुश पुन्हा कातता येते, मोटरही बदलता येते. खोबणीतून झिजून गेलेला मंद्र षड्ज पुन्हा कोरून देणारा कारागीर नाही. म्हणून घरी यंत्र करावे, आनंदाने करावे, आणि आजोबांची तबकडी त्यावर ठेवण्यापूर्वी रिकाम्या खोबणीत सुई ठेवून एकदा नीट कान द्यावा. काहीच ऐकू आले नाही, तर खुशाल गाणे लावावे.